तेलाची तहान आणि विजेची मोटार

नोव्हेंबर १९७३ मधली गोष्ट. अरब राष्ट्रांनी तेलाचे हत्यार उपसले होते आणि तीन डॉलरच्या आसपास मिळणारे खनिज तेलाचे पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात जाऊन बसणार होते. सरकारने पेट्रोल आणि रॉकेलचे दर वाढवले, तेव्हा निषेध म्हणून जनसंघाचे नेते अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले. तेव्हापासून इंधन दरवाढीच्या प्रत्येक वादात ही बैलगाडी कोणी ना कोणी पुन्हा रस्त्यावर आणतोच. गाडीत बसणारा पक्ष तेवढा बदलतो. कालचे सत्ताधारी आज बैलांचा कासरा धरतात आणि कालचे आंदोलक आज मंत्रालयात बसून आंतरराष्ट्रीय बाजाराकडे बोट दाखवतात.

गेल्या काही वर्षांत या जुन्या नाट्यात एक नवे पात्र आले आहे, ते म्हणजे विजेवर चालणारी मोटार. पेट्रोल महागले की 'आता इलेक्ट्रिक घ्या' हा सल्ला सरकारी व्यासपीठावरून दिला जातो, आणि मध्यमवर्गीय घरांतही तो गांभीर्याने घेतला जाऊ लागला आहे. या सल्ल्यात तथ्य नाही असे मुळीच नाही. मात्र एका कुटुंबाचे महिन्याचे बिल आणि देशाचे तेलावरचे परावलंबन हे दोन निरनिराळे हिशेब आहेत. पहिला सुटला म्हणजे दुसरा आपोआप सुटतो, असा जो समज करून दिला जात आहे, तो तपासून पाहिला पाहिजे.

आधी दुसरा हिशेब पाहू. मार्च २०१५ मध्ये दिल्लीत झालेल्या 'ऊर्जा संगम' परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी एक लक्ष्य जाहीर केले होते. देशाची खनिज तेलाची गरज त्या वेळी सुमारे ७७ टक्के आयातीतून भागत होती. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षापर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत, ही आयात दहा टक्क्यांनी घटवायची, असे ठरले. प्रत्यक्षात २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर गेले आणि २०२४-२५ मध्ये ते ८८ टक्क्यांवर पोहोचले. आपण वापरतो त्या दर दहा लिटर तेलांपैकी जवळजवळ नऊ लिटर बाहेरून येते. २०२२-२३ या एका आर्थिक वर्षात खनिज तेलाच्या आयातीवर देशाने १५० अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला.

यामागचे कारण गूढ नाही. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले आणि बॉम्बे हायने पुढची काही दशके देशाला हात दिला. त्या क्षेत्राला आता वय झाले आहे. देशातले तेल उत्पादन २०११-१२ च्या सुमारास ३८ दशलक्ष टनांच्या आसपास होते. २०२३-२४ मध्ये ते तीस दशलक्ष टनांच्याही खाली आले. मागणी मात्र दरवर्षी वाढतेच आहे. विहीर आटत चालली आणि घरात माणसे वाढत गेली, तर जे व्हायचे तेच झाले.

या परावलंबनाची किंमत केवळ डॉलरमध्ये मोजता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि पुढच्या पंधरवड्यातच ब्रेंट जातीच्या तेलाने १३९ डॉलरपर्यंत उडी मारली. त्यानंतर भारताने सवलतीतले रशियन तेल घ्यायला सुरुवात केली. युद्धापूर्वी दोन टक्क्यांच्या आत असलेला रशियाचा वाटा २०२३-२४ मध्ये एक तृतीयांशाच्या पुढे गेला. परकीय चलन वाचले, यात शंका नाही. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच खरेदीचे कारण पुढे करून भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त आयातशुल्क लादले, तेव्हा तेलाशी काहीही संबंध नसलेल्या कोळंबी, कापड आणि दागिन्यांच्या निर्यातदारांना त्या स्वस्त तेलाची किंमत कळली. संकटकाळासाठी म्हणून विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथे भूगर्भात जे तेलसाठे केले आहेत, ते पूर्ण भरलेले असले तरी देशाला जेमतेम नऊ-दहा दिवस पुरतील एवढेच आहेत.

दर बाजाराचे, कर सरकारचा

सामान्य ग्राहकाला हे सारे दिसते ते पंपावरच्या आकड्यात. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. याचा अर्थ आंतरराष्ट्रीय बाजारात भाव उतरला की पंपावरही उतरणार, असा ग्राहकाने काढला असेल तर तो त्याचा भाबडेपणा. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत जगभर मागणी कोसळली आणि अमेरिकेतल्या तेलाचा वायद्याचा भाव चक्क शून्याच्या खाली गेला. त्यानंतरच्या पंधरवड्यात केंद्र सरकारने पेट्रोलवरचा कर लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवरचा १३ रुपयांनी वाढवला. स्वस्ताईचा घास ग्राहकाच्या तोंडाशी येण्याआधीच तिजोरीत गेला.

पुढे भाव चढले, तेव्हा हा कर तसाच होता. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. परभणीकरांनी तो अनुभव त्याआधीच घेतला होता. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये दोन टप्प्यांत करकपात झाली, पण दरम्यान जे घडले तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२१ पासून साडेचार महिने दर एका पैशानेही हलले नाहीत. त्या काळात जागतिक भाव शंभर डॉलर ओलांडून गेले होते. उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुकांचे निकाल १० मार्च २०२२ रोजी लागले आणि २२ मार्चपासून सोळा दिवसांत पेट्रोल दहा रुपयांनी महाग झाले. मुंबईत ते १२० रुपयांवर गेले. 'रोज बदलणारे' दर हे कधी बदलतात आणि कधी थांबतात, याचे वेळापत्रक तेल विहिरींपेक्षा मतपेट्यांशी अधिक जुळते, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही.

इंधनाच्या राजकारणातली खरी गोम येथे आहे. पेट्रोलियम क्षेत्राकडून २०२३-२४ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारांच्या तिजोरीत मिळून सुमारे साडेसात लाख कोटी रुपये जमा झाले. तेलावर परावलंबी आहेत ती केवळ वाहने नव्हेत, सरकारेही आहेत. सर्व राजकीय पक्षांचे जाहीरनामे काहीही म्हणोत, पेट्रोल आणि डिझेल वस्तू व सेवा कराच्या कक्षेत आणण्याची घाई ना दिल्लीला आहे, ना एकाही राज्याला. उद्या रस्त्यावरची निम्मी वाहने विजेवर गेली, तर हे उत्पन्न कोठून भरून काढायचे, याचे उत्तर कोणत्याही अर्थसंकल्पात अद्याप वाचायला मिळालेले नाही. महाराष्ट्रात त्याची एक चुणूक दिसली होती. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांहून महाग असलेल्या विजेच्या मोटारींवर सहा टक्के वाहनकर लावण्याचा प्रस्ताव आला आणि त्याच महिन्यात तो मागेही घेतला गेला. प्रोत्साहन द्यायचे की कर घ्यायचा, या द्विधेतली ही पहिली ठिणगी होती. ती शेवटची असणार नाही.

रेवापासून नेक्सॉनपर्यंत

विजेची मोटार भारताला नवी आहे असे मानण्याचे कारण नाही. बंगळुरूच्या चेतन मैनी यांच्या कंपनीने 'रेवा' ही दोन दारांची चिमुकली गाडी २००१ मध्येच बाजारात आणली होती. शिसे आणि आम्लाच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीवर ती एका दमात ऐंशी किलोमीटरपर्यंत जात असे. भारतात तिच्याकडे कुतूहलाने पाहणारे पुष्कळ आणि विकत घेणारे थोडे. लंडनमध्ये मात्र 'जी-विझ' या नावाने तिला बऱ्यापैकी गिऱ्हाईक मिळाले, कारण शहराच्या मध्यभागात मोटार नेण्यासाठी २००३ पासून आकारले जाणारे गर्दीशुल्क तिला माफ होते. २०१० मध्ये ही कंपनी महिंद्रांनी घेतली.

सरकारला जाग आली ती त्यानंतर. जानेवारी २०१३ मध्ये मनमोहनसिंग सरकारने राष्ट्रीय विद्युत वाहन आराखडा जाहीर केला. २०२० पर्यंत साठ ते सत्तर लाख विजेची आणि संकरित वाहने रस्त्यावर आणण्याचा त्यात संकल्प होता. २०१७ मध्ये तर २०३० पासून देशात पेट्रोल-डिझेलची एकही मोटार विकली जाऊ नये, अशी भाषा मंत्र्यांच्या तोंडी आली. वाहन उद्योगाने डोळे वटारल्यावर ते लक्ष्य खासगी मोटारींपुरते तीस टक्क्यांवर आले. घोषणा मोठी करायची आणि मुदत जवळ आली की ती पुढे ढकलायची, हा आपल्या नियोजनाचा जुना परिपाठ येथेही पाळला गेला.

तरीही काहीच घडले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०१९ मध्ये विजेच्या वाहनांवरचा वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला. जानेवारी २०२० मध्ये टाटा मोटर्सने पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी 'नेक्सॉन' विजेवर आणली आणि प्रथमच मध्यमवर्गाला आपली वाटेल अशी गाडी बाजारात आली. त्याच महिन्यात बजाजने 'चेतक' हे जुने नाव विजेवरच्या स्कूटरला देऊन पुन्हा बाजारात उतरवले. २०२४ मध्ये 'लूना'ही विजेवर परतली. असे असले तरी २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी मोटारींत विजेच्या मोटारींचा वाटा तीन टक्क्यांच्याही आत होता. सप्टेंबर २०२५ मध्ये पेट्रोलच्या छोट्या मोटारींवरचा कर १८ टक्क्यांवर आला, ग्राहकांनी त्याचे स्वागत केले, आणि विजेच्या मोटारीला करातून मिळणारी आघाडी तेवढ्या प्रमाणात कमी झाली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार कोणाच्या फारसा लक्षातही आला नाही.

आता पहिला हिशेब, म्हणजे कुटुंबाचा. सोयीसाठी पेट्रोल लिटरला शंभर रुपये आणि मोटारीची सरासरी लिटरमागे पंधरा किलोमीटर धरू. किलोमीटरला पावणेसात रुपयांच्या आसपास खर्च येतो. विजेची मोटार एका युनिटमध्ये साधारण सहा ते सात किलोमीटर जाते. घरच्या मीटरवर युनिटला दहा रुपये मोजले, तर किलोमीटरला दीड रुपया पडतो. बचत पाच रुपयांची झाली. मात्र तीच गाडी रस्त्यावरच्या जलद चार्जिंग केंद्रावर युनिटला वीस रुपये देऊन भरली, तर खर्च तीन रुपयांवर जातो आणि बचत साडेतीन रुपयांवर येते.

समजा, विजेची मोटार तशाच पेट्रोलच्या मोटारीपेक्षा चार लाखांनी महाग आहे. घरच्या घरी चार्ज करणाऱ्याला हा फरक भरून काढायला ऐंशी हजार किलोमीटर जावे लागेल. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या, शनिवार-रविवारी लोणावळ्याला जाऊन येणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी आठ वर्षे लागतील. बॅटरीची हमीही अनेक कंपन्या आठच वर्षांची देतात. उलट, वर्षाला चाळीस हजार किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीला दोन वर्षे पुरतात. म्हणजे विजेची मोटार सर्वाधिक परवडते ती ज्याची गाडी दिवसभर रस्त्यावर असते त्याला. आणि घेतो कोण, तर ज्याच्या घरी आधीच एक पेट्रोलची गाडी आहे तो.

शिवाय 'घरच्या मीटरवर' हे दोन शब्द मुंबईत उच्चारायला सोपे आणि आचरायला अवघड आहेत. गिरगाव-लालबागच्या चाळीत राहणाऱ्याची गाडी रस्त्याच्या कडेला उभी असते. तिला तिसऱ्या मजल्यावरून वायर कशी सोडायची? सहकारी गृहनिर्माण संस्थांत जागेचा प्रश्न सुटला, तरी वीजभार, मीटर, आगीची भीती आणि वार्षिक सर्वसाधारण सभा हे चार अडथळे उरतात. त्यांतला शेवटचा सर्वांत कठीण. लिफ्टच्या दुरुस्तीवर जेथे दोन वर्षे एकमत होत नाही, तेथे तीन सभासदांच्या चार्जरसाठी जादा वीजभार घेण्याचा ठराव मंजूर होण्याची वाट पाहणे हे धीराचेच काम आहे. सरकारी धोरणांचा रोख नव्या इमारतींवर असतो. शहर मात्र जुन्या इमारतींत राहते.

पेट्रोल कोण जाळतो?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न याच्याही पलीकडचा आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३ कोटी ३० लाख टन पेट्रोलियम पदार्थ वापरले गेले. त्यांत पेट्रोल सुमारे ३ कोटी ७० लाख टन, म्हणजे सोळा टक्के. डिझेल जवळजवळ नऊ कोटी टन. उरलेल्यात स्वयंपाकाचा गॅस, विमानाचे इंधन, नाफ्था, डांबर असे सारे येते.

हे पेट्रोल जाळते कोण? केंद्राच्या पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षासाठी नील्सन या संस्थेने २०१३ मध्ये देशभरातल्या पंपांवर सर्वेक्षण केले होते. त्यानुसार पंपांवर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी ६१ टक्के दुचाकींच्या टाकीत जाते आणि मोटारींच्या वाट्याला ३४ टक्के येते. डिझेलमधला खासगी मोटारींचा वाटा १३ टक्के निघाला, मालवाहू गाड्यांचा २८ टक्के. सर्वेक्षण जुने आहे, त्यानंतर डिझेलच्या मोटारी कमी झाल्या आणि पेट्रोलच्या वाढल्या, हे मान्य करूनही ढोबळ गणित मांडता येते. पेट्रोलमधले सव्वा कोटी टन आणि डिझेलमधले तेवढेच. म्हणजे देशातली प्रत्येक खासगी मोटार उद्या सकाळी जादूने विजेवर गेली, तरी तेलाची गरज कमी होईल ती साधारण एक दशांशाने. ८८ टक्क्यांवरचे परावलंबन त्यानंतरही ऐंशीच्या पुष्कळ वरच राहील.

हे गणित विजेच्या मोटारीला कमी लेखण्यासाठी मांडलेले नाही. कोणत्या वाहनासाठी सरकारी पैसा खर्च व्हावा, हे ठरवण्यासाठी ते आवश्यक आहे. मोटारीपेक्षा स्कूटर विजेवर नेणे स्वस्त, तिला बॅटरी लहान लागते, ती घरातल्या साध्या प्लगवर चार्ज होते आणि पेट्रोलचा मोठा वाटा तिचाच आहे. २०१९ ते २०२४ या काळात राबवलेल्या दहा हजार कोटींच्या केंद्रीय योजनेने खासगी मोटारींना अनुदानातून वगळले होते, ते योग्यच होते. २०२४-२५ मध्ये नव्या दुचाकींपैकी सहा टक्के विजेवरच्या होत्या. तीनचाकींत तर हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. अर्थात तीनचाकींच्या आकड्याने हुरळून जाऊ नये. त्यांतल्या मोठ्या संख्येच्या ई-रिक्षांनी उत्तरेत अनेक ठिकाणी सायकलरिक्षांची जागा घेतली, आणि सायकलरिक्षा तेल पीत नव्हती.

दादरचा धूर चंद्रपुरात

विजेच्या मोटारीला धुराचे नळकांडे नसते, म्हणून ती प्रदूषण करीत नाही, हा समजही तपासावा लागतो. देशात निर्माण होणाऱ्या विजेपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश वीज कोळशावर तयार होते. आजच्या ग्रीडमध्ये एका युनिटमागे सातशे ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सात किलोमीटरला एक युनिट धरले, तर किलोमीटरला शंभर ग्रॅमच्या आसपास. पेट्रोलच्या मोटारीचा हाच आकडा दीडशे ग्रॅमच्या पुढे आहे. म्हणजे कोळशाची वीज वापरूनही धावतानाचे उत्सर्जन सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवते, विजेची मोटर घालवत नाही, हे त्याचे साधे कारण.

पण बेरीज-वजाबाकीत एक गोष्ट हरवते. दादर-कुर्ल्याच्या हवेतला धूर कमी होतो तेव्हा चंद्रपूर आणि कोराडीच्या चिमण्यांतून तो वाढतो. औष्णिक केंद्रांची राख ज्यांच्या अंगणात आणि विहिरींत पडते, त्यांच्या दारात विजेची मोटार उभी नसते. तेल अरबस्तानातून किंवा रशियातून आणण्याऐवजी आपल्याच भूमीतला कोळसा जाळला, तर परकीय चलन वाचते, हा युक्तिवाद अर्थमंत्र्यांना पटेल. चंद्रपूरकराने तो का मान्य करावा? सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढत आहे. पण सौर वीज दुपारी मिळते आणि गाड्या रात्री चार्ज होतात, ही अडचण बॅटरीच्या साठ्यांतून सुटेपर्यंत हा प्रश्न राहणारच.

नॉर्वेचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. तेथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ निव्वळ विजेवरच्या होत्या. ते खरेच आहे. मात्र नॉर्वेची वीज धबधब्यांची आहे, लोकसंख्या मुंबईच्या निम्मीही नाही, आणि आपल्या समुद्रातले तेल जगाला विकून आलेल्या पैशावर तो देश निश्चिंत आहे. आपण घेण्यासारखा धडा एवढाच, की तेथे पेट्रोलच्या मोटारीवर दशकानुदशके जबर कर होता आणि विजेच्या मोटारीला तो माफ होता. सवलतीची ही रीत वर्षानुवर्षे टिकली, म्हणून ग्राहकाने तिच्यावर विश्वास ठेवला.

एका खुंट्यावरून दुसऱ्या खुंट्याला?

तेलाचे जोखड उतरवताना चीनचे जोखड मानेवर घेतले जात आहे काय, हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. जगातल्या लिथियम-आयन बॅटरींपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक चीनमध्ये बनतात. बॅटरीला लागणारे ग्रॅफाइट शुद्ध करण्यात तर त्या देशाची जवळजवळ मक्तेदारी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासी जिल्ह्यात लिथियमचा साठा सापडल्याची बातमी आली आणि आपल्याकडे दिवाळी साजरी झाली. त्यानंतर त्या खाणपट्ट्याचा लिलाव पुरेसे बोलीदार न मिळाल्याने रद्द करावा लागला, ही बातमी मात्र आतल्या पानावर गेली. सरकारी कंपनी 'काबिल'ने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनात पाच खाणपट्टे मिळवले आहेत. त्यांतून खनिज हाती यायला वेळ लागेल.

हा धोका कागदावरचा नाही, हे २०२५ मध्ये पुण्याने अनुभवले. एप्रिल महिन्यात चीनने दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. मोटरच्या गाभ्यात बसणारे ते मूठभर वजनाचे चुंबक. ते मिळेनासे झाल्यावर बजाजला 'चेतक'चे उत्पादन घटवावे लागले आणि ऑगस्टमध्ये ते पूर्ण थांबेल की काय, अशी वेळ आली. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये देशातच असे चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार असला, तरी विहीर खणायला घेतली हेही थोडे नव्हे.

असे असूनही ही दोन परावलंबने एकाच तराजूत तोलणे मला योग्य वाटत नाही. तेल रोज जाळावे लागते. होर्मुझच्या सामुद्रधुनीत टँकर अडले, तर काही आठवड्यांत येथले ट्रक उभे राहतात, भाजी महागते, शेतातला पंप थांबतो. बॅटरी एकदा गाडीत बसली की आठ-दहा वर्षे चालते. चीनने पुरवठा तोडला, तर नव्या गाड्या बनायच्या थांबतील. रस्त्यावरच्या गाड्या धावत राहतील. आणि जुन्या बॅटरीतले लिथियम, कोबाल्ट, निकेल पुन्हा काढता येते. जळालेले पेट्रोल कोणालाही परत मिळवता आलेले नाही. सावकार बदलला तरी कर्जाचे स्वरूप बदलते, हा फरक नगण्य नाही.

इथेनॉलचा जो पर्याय महाराष्ट्राच्या साखरपट्ट्याला प्रिय आहे, त्याबद्दल येथे इतकेच. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचे लक्ष्य २०२५ मध्ये गाठले गेले आणि कारखान्यांना त्याचा आधार मिळाला. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी पडल्याबरोबर उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर केंद्राला निर्बंध आणावे लागले होते. मराठवाड्यात टँकरने पाणी पुरवायचे आणि उसातून मोटारीचे इंधन काढायचे, ही कसरत दरवर्षी साधेलच असे नाही.

शंभर वर्षांची विजेची गाडी

खरे तर मुंबईकराला विजेच्या वाहनाचे अप्रूप वाटायला नको. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बॉम्बे व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विजेवरची लोकल धावली. त्याआधी १९०७ पासून विजेची ट्राम होती. ती ३१ मार्च १९६४ च्या रात्री आपण बंद केली आणि नंतरची काही वर्षे चाललेली ट्रॉलीबसही. मोटारींना रस्ता मोकळा व्हावा म्हणून. आज त्याच रस्त्यांवर मोटारी उभ्या असतात आणि त्यांच्याखालून कफ परेडपर्यंत जाणारी भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली आहे.

देशाच्या पातळीवरही तेलाला विजेचा सर्वांत मोठा पर्याय दिला तो रेल्वेने, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. २०१४ पर्यंत सुमारे २१ हजार ८०० किलोमीटर लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले होते. २०२५ पर्यंत ब्रॉडगेजचे ९८ टक्क्यांहून अधिक जाळे विजेखाली आले. कोकण रेल्वेवरही मे-जून २०२२ पासून विजेची इंजिने धावू लागली. यासाठी कोणाला नवी गाडी विकत घ्यावी लागली नाही, की सोसायटीत ठराव मांडावा लागला नाही.

बसच्या बाबतीत मात्र चित्र विस्कळीत आहे. 'बेस्ट'ने २०२३ मध्ये विजेवरची वातानुकूलित दुमजली बस आणली, तिचे कौतुक झाले. त्याच काळात ताफ्यातल्या एकूण बसगाड्या घटत गेल्या आणि थांब्यावरची रांग लांबली. एसटी महामंडळाने ५,१५० विजेच्या बसगाड्या भाड्याने घेण्याचा करार केला, परंतु मे २०२५ पर्यंत त्यांतल्या मोजक्याच प्रत्यक्षात आल्या आणि करार रद्द करण्याची भाषा परिवहनमंत्र्यांना करावी लागली. पन्नास माणसांना घेऊन जाणारी एक बस विजेवर गेली, तर जे साधते ते साधायला किती मोटारी लागतील, याचा विचार अनुदानाची रक्कम ठरवताना झालेला दिसत नाही. २०२५ च्या राज्य धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली. अटल सेतूवर ती त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लागूही झाली. बसगाड्यांनाही ही माफी आहे, ही त्यातली चांगली बाजू. मालवाहू गाड्यांना ती नाही.

डिझेलचा सर्वांत मोठा वाटा तर त्याच जाळतात. ट्रकला लागणारी बॅटरी अवजड, किंमत साध्या ट्रकच्या कित्येक पट, आणि महामार्गावर तिला चार्ज करणारी केंद्रे अपवादानेच आढळणारी. केंद्राने जुलै २०२५ मध्ये विजेच्या ट्रकसाठी प्रथमच अनुदान जाहीर केले. प्रत्येकी कमाल नऊ लाख साठ हजार रुपये. बंदर ते गोदाम, सिमेंट कारखाना ते रेल्वे यार्ड अशा ठरलेल्या आणि छोट्या फेऱ्यांसाठी ते उपयोगी पडेल, असे वाहतूकदार सांगतात. नाशिकचा कांदा दिल्लीला नेणाऱ्या ट्रकसाठी नाही. योजनेत देशभरातल्या मिळून ५,६०० ट्रकांची तरतूद आहे.